कायद्याच्या दारावरची परीक्षा

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेस, म्हणजे विद्यार्थी जिला ‘क्लॅट’ म्हणतात तिला, बसण्याचे नुसते शुल्क सर्वसाधारण उमेदवारास 4,000 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 3,500 रुपये पडते. शेतमजुराच्या घरी ही किती दिवसांची मजुरी होते, याचा हिशेब कार्यकर्त्यांना समजावून सांगावयास नको. शतकानुशतकांच्या वंचनेची भरपाई पाचशे रुपयांत करून टाकणाऱ्यांच्या काटकसरीचे कौतुक करावे तेवढे थोडेच! त्यानंतर शिकवणीवर्गांची फी. आणि नाव लागलेच तर वर्षाला दोन-अडीच लाख किंवा त्याहूनही अधिक खर्चाचे पाच वर्षांचे शिक्षण. बारावीतील मुलामुलींच्या ज्या ‘ताणा’विषयी सध्या सर्वत्र बोलले जाते, त्याची सुरुवात अभ्यासाच्या टेबलाशी होत नाही, ती घरातल्या या हिशेबाशी होते.

वकिलीचा मार्ग नेहमीच इतका अरुंद नव्हता. पदवी घ्यावी, दिवसा कचेरीत किंवा शाळेत नोकरी करावी आणि सकाळच्या वर्गांना बसून कायदा शिकावा, अशी वाट महाराष्ट्रात रुळलेली होती. कामगारांचे खटले चालविणारे कितीतरी वकील त्याच वाटेने आले. 1988 साली बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा आली. कायद्याच्या शिक्षणातील शैथिल्य त्यामुळे कमी झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. 2008 पासून अशा विद्यापीठांची परीक्षा एकत्र होऊ लागली. पहिल्या वर्षी त्यांत सात विद्यापीठे होती. दर्जा वाढला, तशी दारावरची गर्दीही वाढली. आणि जेथे गर्दी तेथे शिकवणीवर्गांचा बाजार, हे ओघानेच आले.

या परीक्षेचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. 120 मिनिटांत 120 प्रश्न, आणि चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण वजा. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, असे सांगितले जाते व ते खरेही आहे. लागते ते लांबलचक इंग्रजी उतारे वेगाने वाचण्याचे सामर्थ्य. तर्काचा प्रश्न असो, चालू घडामोडींचा असो वा कायद्याचा, आधी उतारा उलगडावा लागतो, आणि तो इंग्रजीतच असतो. ज्याच्या घरी इंग्रजी दैनिक येते त्याच्या दृष्टीने ही बुद्धीची परीक्षा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीच्या दृष्टीने ती आधी भाषेची आहे आणि वेळ उरलाच तर बुद्धीची. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठे महाराष्ट्र विधिमंडळाच्या 2014 च्या कायद्याने उभी राहिली, पण त्यांच्या दारावरचा प्रश्न मराठीत विचारला जात नाही. उलट राज्य शासनाची विधी प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तेथे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. जे राज्याला जमते ते विद्यापीठांच्या महासंघाला का जमू नये? ही परीक्षा प्रादेशिक भाषांतून घ्यावी, यासाठी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही दाखल झाली. प्रश्नपत्रिका मराठीत आली म्हणजे सारे झाले, असा भ्रम मात्र नको. आत गेल्यावर शिकविणे इंग्रजीतूनच आहे. तेव्हा भाषेची तयारी टळत नाही, ती वाजवी वेळेत करण्याची संधी तेवढी मिळते.

वेळेचे गणितही विचित्र आहे. ‘क्लॅट’ डिसेंबरच्या प्रारंभी, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. एका डोळ्याने एक आणि दुसऱ्याने दुसरी पाहात सतरा वर्षांचे मूल सहा महिने काढते. एवढे करून निकाल तरी बिनचूक लागावा. पण 1 डिसेंबर 2024 च्या परीक्षेच्या उत्तरसूचीतील चुकांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे 2025 पर्यंत रेंगाळला. कायदा शिकू पाहणाऱ्यांना पहिला धडा खटल्याचा मिळाला, हे एकपरी बरेच म्हणावयाचे!

ताण हा विद्यार्थ्याचा वैयक्तिक दुबळेपणा आहे, हा समज सोयीचा आहे, म्हणून तो टिकून आहे. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांपैकी 2,248 जणांच्या बाबतीत परीक्षेतील अपयश हे कारण नोंदले गेले. राज्यांमध्ये सर्वाधिक विद्यार्थी गेले ते महाराष्ट्राचे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना व शिकवणीवर्गांना निर्देश दिले: शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे शक्यतो टाळावे. आपल्या तालुक्यातील कोणत्या वर्गात हे पाळले जाते, याची चौकशी करणे कार्यकर्त्यांना अवघड नाही.

तथापि व्यवस्था बदलेपर्यंत मुलांनी थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. तयारीत शहाणपणाच्या काही गोष्टी आहेत व त्यांना पैसा लागत नाही. इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख रोज वाचून त्याचे सार चार ओळींत लिहिणे. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविणे. आणि चुकलेल्या प्रश्नापुढे तो का चुकला हे वहीत नोंदणे. परीक्षा दुपारी दोन ते चार असते, म्हणून सरावही त्याच वेळी करावा. रात्री दोनपर्यंत जागून केलेला सराव डोळे लाल करतो, वाचनाचा वेग वाढवीत नाही. पाव गुणाची धास्ती असली तर अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणे हाही सरावाचाच भाग. राज्याच्या परीक्षेचा अर्जही बरोबरच भरावा. एकच दार आहे असे वाटू लागले की माणूस गुदमरतो. घरच्यांनी ‘किती पडले?’ हा प्रश्न रोज विचारू नये. जेवणे झाली का, झोप लागली का, हे विचारावे.

युनियनच्या वा पक्षाच्या कार्यालयातील खोली संध्याकाळी रिकामीच असते. तेथे दोन इंग्रजी दैनिके, जुन्या प्रश्नपत्रिका आणि आठवड्यातून एक तास देणारा तालुक्याच्या न्यायालयातील एखादा वकील, एवढ्यावर अभ्यासवर्ग सुरू होऊ शकतो. वंचित घरांतील मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याचे काम शामनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘आयडिया’ या उपक्रमाद्वारे सुरू केले, ते अनुकरणीय आहे. अर्जाच्या शुल्कासाठी वर्गणी काढावी. ते शुल्क कमी व्हावे व प्रश्नपत्रिका मराठीत यावी म्हणून निवेदनेही द्यावीत. आणि निकालाच्या दिवशी, ज्याचे नाव लागले त्याच्या घरी पेढे खावयास सगळेच जातील; ज्याचे लागले नाही त्याच्या घरी कोण जाणार, हे अभ्यासवर्ग चालविणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे, आणि जाताना ‘टेलिमानस’ या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक बरोबर न्यावा.