आंबा थकलेला नाही, आजारी आहे

मागच्या आठवड्यात आमगावकडे धानाची कापणी पाहायला गेलो होतो. बोडीच्या पाळीवर एक जुना गावठी आंबा उभा होता, अर्ध्या अंगाने हिरवागार आणि अर्ध्या अंगाने वाळलेला. बांधीचे मालक म्हणाले, ‘‘थकलं आता हे झाड, भाऊ. आज्याच्या हातचं आहे. आरागिरणीवाल्याला सांगून ठेवलंय.’’

मी त्यांच्याकडून विळा मागून घेतला. वाळलेल्या शेंड्याच्या खालची बोटभर जाडीची फांदी तोडली आणि उभी चिरली. सालीखालच्या पांढुरक्या लाकडात तपकिरी रेघ खालपर्यंत उतरली होती. सालीवर डिंकाचा थेंब सुकून काळा पडला होता. म्हातारं झाड सगळीकडून हळूहळू विरळ होतं. इथे मात्र एकेक फांदी शेंड्याकडून मरत होती आणि करपलेली पानं झडायचं सोडून फांदीलाच लटकत होती. हा फांदीमर रोग आहे, लॅसिओडिप्लोडिया नावाच्या बुरशीचा.

या बुरशीला झाडात शिरायला बहुतेक वेळा जखम लागते, आणि ती जखम आपणच करून देतो. कैऱ्यांसाठी दगड मारतो, काठीने फांद्या मोडतो. मळणी झाली की तणसाचा ढीग बुंध्यालाच टेकवतो. धुऱ्यावरचं गवत पेटवलं की आच खोडाला लागते आणि साल तडकते. खोडकिडा भोक पाडतो ते वेगळंच. वाळलेल्या फांद्या तोडून सरपण म्हणून त्याच झाडाखाली रचून ठेवायची सवय तर घरोघरी आहे. त्या सरपणावर बुरशी जिवंत राहते आणि आपल्याकडच्या पावसात तिचे बीजाणू उडून नव्या जखमांत जातात. सरपण न्यायचंच ना? मग ते घरी न्या आणि पावसाळ्याआधी चुलीत घाला.

इलाज महाग नाही. रोगट भागाच्या खाली तीनेक इंच निरोगी लाकूड येईल अशा बेताने फांदी करवतीने कापायची. कुऱ्हाडीचे घाव नकोत, त्याने नवी जखम होते. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचं: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं, ढवळायला लाकडी काठी. त्यात विळ्याचं घासलेलं पातं क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घाला. मलम त्याच दिवशी वापरून संपवा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतून १८८५ च्या सुमारास निघालेलं हे औषध आजही तितकंच कामाचं आहे. उरलेल्या झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावं. त्याला हीच दोन मापं १०० लिटर पाण्यात लागतात.

जिल्ह्यातल्या कितीतरी बोड्यांच्या पाळींवर आणि धुऱ्यांवर जुने गावठी आंबे आहेत. प्रत्येकाची चव वेगळी, आंबटपणा वेगळा. रोपवाटिकेतून कलम आणता येईल, पण ती चव परत येणार नाही. कलमाचं मूळ झाडच उरलेलं नसेल, तर काडी कुठून घेणार? झाडाचं वय झालं म्हणून ते विकायला निघालेल्या माणसाचा मला राग येत नाही. त्याला कोणी फांदी चिरून दाखवलेलीच नसते, याचं वाईट वाटतं.

आमगावच्या त्या मालकांनी आरागिरणीवाल्याला थांबायला सांगितलं आहे. तुमच्याही बांधावर असं अर्धं वाळलेलं झाड असेल, तर धान घरी आलं की एक फांदी चिरून पाहा. तपकिरी रेघ दिसली तर ती फांदी पिशवीत घालून हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. आंबा तोडायला कायद्याने परवानगी लागते. तो अर्ज लिहायच्या आधी एवढं नक्की करा.