पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नातेवाइकांचे फोन येतात, "तब्येत बरी आहे ना? लिहीत का नाहीस?" तब्येत छान आहे मंडळी. हात रंगाने माखलेले असतात, म्हणून लिहिणं मागे पडलं, एवढंच.

गेलं वर्षभर मी सैनिक रंगवते आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडतो ती मातीची चित्रं. मावळे, घोडेस्वार, भालदार. वर्षभरात शहाऐंशी झाले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने दिवाळी सरून गेल्यावरही किल्ल्याची चित्रं रंगवत बसावं याचं आमच्या घरी अजून नवल चालू आहे. कुणी हसतं, कुणी कौतुक करतं. एका मैत्रिणीने मात्र तोंडावर विचारलं, "जगात एवढ्या लढाया चालल्यात, आणि तू सैनिक कसले रंगवतेस?" तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. आजचं हे लिहिणं त्याचंच उत्तर आहे.

आधी थोडी हकिकत. माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा भावाच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. माळ्यावरचं सामान वाचलं, पण ओल सगळीकडे शिरली. पुढे घराची डागडुजी काढली तेव्हा वहिनीने एक पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "वन्सं, हे तुमचं. न्यायचं तर न्या, नाहीतर मी टाकते." आत आमच्या लहानपणची चित्रं होती. भाजलेल्या मातीची, जुन्या साच्यातली, बोटभर उंचीची. तीस पायदळ आणि अकरा घोडेस्वार. डिंकात कालवलेला रंग ओलीने पार उतरला होता. कुणाचं नाक गेलेलं, कुणाच्या घोड्याचा पाय. पण माती शाबूत होती. मी पेटी साताऱ्याला आणली.

नातू पुण्याला नोकरी करतो. त्याला एक खेळ येतो, टेबलावरच्या लढाईचा. इंचभर उंचीचे, म्हणजे २८ मिलिमीटरच्या मापाचे सैनिक असतात. टेबलावर टेकड्या, नदी, पूल मांडायचे. प्रत्येक तुकडीने किती इंच पुढे जायचं ते टेपने मोजायचं, वार लागला की हुकला ते फाशांवर ठरवायचं. जगभर हा खेळ खेळतात आणि त्यातले अर्धेअधिक लोक खेळण्यापेक्षा सैनिक रंगवण्यातच जास्त वेळ घालवतात म्हणे! पेटी बघून तो म्हणाला, "आजी, एवढे छान पीस तुझ्याकडे आहेत आणि तू नुसती बघत बसलीयेस?" आणि दोन दिवस राहून त्याने मला ती विद्या शिकवली.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चित्र आधी मऊ ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावं. साच्याची शिवण दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावी. मोडका भाग एम-सीलने जोडावा. मग औषधाच्या बाटलीच्या बुचावर चित्र चिकटवावं, म्हणजे बोटं चित्राला लागत नाहीत. आधी करड्या रंगाचं अस्तर. त्यावर ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात, एकावर एक. एकच जाड हात दिला तर चेहऱ्याचा नाकनकाशा बुजतो. रंग वाळला की काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा. तो आपोआप घड्यांत, चुण्यांत, बोटांच्या फटींत उतरतो आणि मातीच्या अंगरख्याला एकदम कापडाचा भास येतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग नुसता घासायचा. हात कापत असेल तर मनगट टेबलाच्या कडेला टेकवावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला दिसतं चांगलं, पण दोन डोळे काढायला अजून अर्धा तास लागतो.

या अर्ध्या तासाने माझ्या डोक्याला काम लावलं. दुकानातल्या मावळ्याचं कसं असतं? पांढरा अंगरखा, भगवं मुंडासं, काळी मिशी. सगळे एका आईची लेकरं! पण मी ब्रश हातात धरून बसले की अडते. याचं मुंडासं नवं की विटलेलं? खांद्यावर घोंगडी असेल का? त्या काळी सगळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता, ज्याचं त्याचं कापड ज्याच्या त्याच्या घरचं. मग दोन मावळे एकसारखे कसे रंगवायचे? अशा प्रश्नांसाठी मी पुन्हा सभासदाची बखर उघडली.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, जिंजीच्या मुक्कामी लिहिली. तीत सैन्याची रचना दिली आहे. दहा पाइकांत एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. हे सगळं पाठच्या पाठ येत होतं. पण त्याला लागूनच आणखी एक तपशील आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद.

पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी पुरवणारा. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. घोड्याला दिवसाकाठी बादल्यांनी पाणी लागतं. दगडाधोंड्यांतून दौडताना नाल निसटला तर घोडा लंगडतो आणि स्वार पायी येतो. ज्यांच्या दौडीच्या कथा आपण छाती फुगवून सांगतो, त्यांच्या मागे हे दोघे होते. महाराजांच्या राज्यात त्यांची नेमणूक ठरलेली होती, बखरकाराला ती लिहावीशी वाटली. आणि आपल्या किल्ल्यावर? वाघ असतो गुहेत, हरणं असतात, हल्ली तर हेलिकॉप्टरही बघितलंय मी. पखालजी मात्र आजवर एकाही किल्ल्यावर दिसला नाही.

राजवाड्यापाशी दिवाळीआधी चित्रांचे ठेले लागतात तिथे विचारलं. विकणारा हसला. शेवटी शाडू आणून मीच एक पखालजी केला, एक नालबंद केला. पखालीचा रंग जमवायला तीन दिवस गेले. ओलं कातडं कोरड्यापेक्षा गडद दिसतं, ते दाखवायचं होतं. पेटीतले अकरा स्वार आणि कुंभाराकडून आणलेले चौदा, असे पंचवीस पुरे झाले, त्यांच्यामागे हे दोघे उभे राहिले, तेव्हा ती मांडणी पहिल्यांदा मला खरीखुरी फौज वाटली.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. युद्धाचा खेळ करावा का?

तसं पाहिलं तर आम्हा सांगलीकरांचं बालपण युद्धाच्याच खेळात गेलं. बुद्धिबळ म्हणजे दुसरं काय? हत्ती, घोडे, उंट, वजीर, प्यादी! भाऊसाहेब पडसलगीकरांनी तो खेळ सांगलीत रुजवला, भाग्यश्री साठे ठिपसे त्याच मातीतून पुढे आली, आणि त्यामुळे सांगली काही भांडखोर झाली नाही. 'टाइम मशीन'वाल्या एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं, खेळण्यातल्या सैनिकांशी लढाई कशी खेळावी याचं. हा माणूस युद्धाच्या विरोधातला. त्याचं म्हणणं असं की, छोटी लढाई दोनचार वेळा खेळून बघा, मग खरी लढाई किती ढिसाळ आणि महागडी गोष्ट असेल ते उमगेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. म्हणजे खेळाने युद्ध थांबत नाही, हे मान्य. पण ते खेळामुळे पेटतं असंही नाही.

आणि आम्ही सातारकर सैनिकांना खेळणं समजत नाही. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. माझ्या वर्गातलीही किती मुलं सैन्यात गेली. त्यातला एक निवृत्त होऊन परवा घरी आला होता. टेबलावरची फौज त्याने वाकून, हात न लावता पाहिली. मला वाटलं तलवारीबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, "बाई, यांचे पाय फार स्वच्छ आहेत." मग बराच वेळ पायांबद्दलच बोलला. ओल्या मोज्यांबद्दल, फोडांबद्दल, चालण्याबद्दल. "लढाई थोडा वेळ असते बाई. चालणं रोज असतं." एवढ्या वर्षांच्या नोकरीतल्या पराक्रमाचा एक शब्द त्याने काढला नाही. चहा घेतला आणि गेला.

त्या आठवड्यात मी सगळ्यांचे पाय पुन्हा रंगवले. जावळीची तांबडी माती, घोट्यापर्यंत. मैत्रिणीला माझं म्हणणं एवढंच आहे की, युद्धाचं वेड लावणारी गोष्ट वेगळी असते. तिच्यात नुसत्या घोषणा असतात, पाय नसतात. चिखलाचे पाय रंगवणाऱ्या मुलाला युद्ध सोपं वाटणार नाही.

याहून अवघड भाग शत्रूचा. मी मांडणी प्रतापगडाची घेतली, १० नोव्हेंबर १६५९. तेव्हा आदिलशाही फौजही हवी. कुंभाराकडून आणखी सव्वीस चित्रं आणली. सोसायटीतली मुलं संध्याकाळी रंगवायला येतात. त्यातल्या एकाने सरळ काळा रंग उचलला. "आजी, वाईट माणसांची तोंडं काळी करायची ना?" मी चेहऱ्याच्या रंगाची तीच बाटली पुढे केली, जी मावळ्यांना वापरली होती. "मग ओळखायचे कसे?" मी म्हटलं, "निशाणावरून."

हे मी मुलाची समजूत घालायला म्हटलं नाही, इतिहासच तसा आहे. खानाबरोबर जावळीत उतरलेल्या फौजेत मराठे सरदार होते. खंडोजी खोपडे खानाला मिळाले होते, कान्होजी जेधे महाराजांबरोबर राहिले, आणि दोघेही मावळातलेच देशमुख. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याचा वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढला. चेहऱ्यावरून आणि नावावरून बाजू ठरवायला गेलं तर पहिल्याच पानावर गाडी अडते. दोन्ही वकील मी स्वतः शाडूचे केले, एक हेरही केला, आणि दोन्ही वकिलांना मुद्दाम एकाच कापडाची उपरणी दिली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपला प्रतापगड आहे आणि सभासदाची जिंजीसुद्धा. फार आनंद झाला. पण किल्ले वारसा ठरले, तशी त्यांवर पाणी वाहून नेणारी माणसंही आपल्या मुलांना दिसावीत असं मला वाटतं. ती पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत दिसणार नाहीत. त्यासाठी चित्र हातात घेऊन अर्धा तास बसावं लागतं.

म्हणून माझं एक सांगणं आहे. येत्या दिवाळीला मुलांना रंगवलेली चित्रं आणू नका. कुंभाराकडे आधी जाऊन कोरी मागा. मी मागितली तेव्हा तो म्हणाला, "कोरं चित्र कोण घेतंय बाई? पैसे रंगाचे मिळतात." त्याचं खरं आहे. म्हणून मी कोऱ्या चित्राला रंगवलेल्याचीच किंमत दिली, तुम्हीही द्या. मातीचं चित्र प्लॅस्टरच्या पुढे टिकायचं असेल तर एवढा भार आपण उचलायला हरकत नाही. घरात सहा रंग, दोन ब्रश आणि एक जुनं फडकं असलं की पुरे. दिवाळी झाली की चित्रं पेटीत ठेवा, फेकू नका. आणि किल्ल्यावर हळीव पेरताना तळ्याच्या काठी थोडी जागा पखालजीसाठी राखा.

ज्यांना पखालजी करायला जमणार नाही त्यांनी फोन करावा. माझ्याकडे शाडू शिल्लक आहे.