सेवापुस्तक कोणाचे?

सरकारी नोकर तीस-पस्तीस वर्षे चाकरी करतो आणि त्या चाकरीचा सारा हिशेब एका पुस्तकात राहतो. नेमणुकीचा दिवस, जन्मतारीख, वेतनवाढ, बढती, बदली, रजा, वारसाचे नाव, सारे त्यात. निवृत्तीच्या दिवशी त्याच्या पदरी काय पडावयाचे आणि त्याच्या माघारी त्याच्या विधवेच्या हाती काय यावयाचे, हे तो किती राबला यावरून ठरत नाही; त्या पुस्तकात काय लिहिले आहे यावरून ठरते. आणि हे पुस्तक असते कोठे? आस्थापनेच्या कारकुनाच्या कपाटात! ज्याचे आयुष्य त्यात लिहिले आहे त्याने ते पाहावयास मागितले, की साहेब दौऱ्यावर असतात, किल्ली रजेवर गेलेल्या इसमाजवळ असते, नाही तर ‘तुम्हाला आताच कशाला हवे?’ असा उलट प्रश्न होतो. जणू नोकराने सरकारी खजिन्याचीच किल्ली मागितली!

सरकारला नियम नाहीत म्हणून हे घडते असे कोणी समजू नये. केंद्र सरकारचे नियम तर वाचणाऱ्याला हेवा वाटावा असे आहेत. पूरक नियमांतील २०२ वा नियम सांगतो की, दरवर्षी प्रत्येक नोकराला त्याचे सेवापुस्तक दाखविण्याची व्यवस्था करणे आणि पाहिल्याची सही घेणे हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे. तसे केल्याचा दाखला त्याने सप्टेंबरअखेर वरिष्ठाकडे पाठवावयाचा आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी त्यापुढे जाऊन पुस्तकाच्या दोन प्रती ठरविल्या: एक कार्यालयात, दुसरी नोकराजवळ. नोकराने जानेवारीत आपली प्रत द्यावयाची, कार्यालयाने तीस दिवसांत नोंदी भरून ती परत करावयाची. अठरा वर्षे सेवा झाली म्हणजे आणि पुन्हा निवृत्तीस पाच वर्षे उरली म्हणजे निवृत्तिवेतनास धरावयाची सेवा पडताळून नोकराला कळवावयाची, असे २०२१ चे निवृत्तिवेतन नियम म्हणतात. आमच्या वाचकांत टपालखात्यातील, रेल्वेतील, लष्कराच्या मुलकी आस्थापनांतील नोकर पुष्कळ आहेत. त्यांनी मनाशी आठवून पाहावे, असे सप्टेंबर आणि असे जानेवारी आपल्या नोकरीत किती आले!

आता दुसरी बाजू पाहा. कार्यालयाने कर्तव्य चुकविले तर त्याला मुदत नाही. नोकराला मात्र आहे, आणि ती लोखंडी आहे. केंद्रीय नोकराने जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीत शिरल्यापासून पाच वर्षांच्या आत मागितली पाहिजे, असा नियम १९७९ पासून आहे. महाराष्ट्रातही मुदत पाचच वर्षांची. कर्नाटकात १९७४ च्या वयनिश्चितीच्या कायद्याने ती तीन वर्षांवर आणली, आणि ही तीन वर्षे नोंद झाल्या दिवसापासून धावू लागतात. कर्नाटक सरकारच्याच एका कंपनीतील नोकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की, पुरावा भक्कम असला तरी जन्मतारीख बदलून मागणे हा हक्क नव्हे. आणि नोकरीच्या अखेरीस केलेला अर्ज केवळ उशिराच्या कारणावरूनही फेटाळता येतो. म्हणजे तीन वर्षांत चूक दाखवा. आणि पुस्तक दाखवावयाचे केव्हा, हे कार्यालयाच्या सवडीवर सोडा! घड्याळ नोकराचे आणि किल्ली सरकारची, हा कुठला न्याय?

न्यायालयाला आम्ही दोष देत नाही. निवृत्ती दारात आली म्हणजे वय दोन वर्षांनी घटविणारे महाभाग आपल्यातही आहेत, आणि त्यांच्या लबाडीचा भुर्दंड मागे बढतीची वाट पाहात उभ्या असलेल्या कनिष्ठांना पडतो. मुदत हवीच. परंतु आपल्याकडे शाळेत नाव घालताना कित्येक गुरुजींनी जन्मदिवस म्हणून सरसकट एक जून लिहिला, हे ज्यांच्या घरी दोन-दोन भावंडांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो त्यांना निराळे सांगावयास नको. ती तारीख मुलाने सांगितली नव्हती, बापाने पाहिली नव्हती. तीच पुढे सेवापुस्तकात चढते आणि तीन वर्षांनी वेदवाक्य होते.

याची झळ शिपाई-कारकुनालाच लागते असेही नाही. जनरल व्ही. के. सिंग हे देशाचे लष्करप्रमुख. शाळकरी वयात भरलेल्या प्रबोधिनीच्या अर्जात जन्मसाल १९५० पडले, शालान्त प्रमाणपत्रात १९५१ होते. लष्कराच्या एका शाखेने पहिले धरले, दुसरीने दुसरे, आणि दोन्ही दप्तरे चार दशके एकाच मुख्यालयात सुखाने नांदली! लष्करप्रमुखाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला आणि ३१ मे २०१२ रोजी १९५० हेच साल धरून ते निवृत्त झाले. खरे साल कोणते याच्या वादात आम्ही पडत नाही. सेनापतीला जे साधले नाही ते खानापूरच्या शिक्षकाला निवृत्तीच्या वर्षी साधेल, या भ्रमात मात्र कोणी राहू नये.

सीमाभागात या दुखण्याला आणखी एक गाठ आहे. ती नावाची. ज्ञानदेव जाधव नावाचा एखादा शिक्षक घ्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर तो ज्ञानदेव. त्याचे इंग्रजी स्पेलिंग मराठी माणूस ‘डी’ अक्षराने करतो, कानडी लेखनिक ‘जे’ अक्षराने; आणि कानडी उच्चाराप्रमाणे शेवटी ‘अ’ लावून जाधवचा ‘जाधवा’ होतो. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे आडनाव आद्याक्षर होऊन पुढे. यात लेखनिकाचे वैर नाही; त्याच्या लिपीची आणि कानाची ती रीत आहे. पण सेवापुस्तक, बँकेचे खाते, आधार यांवर एकाच माणसाचे तीन अवतार उभे राहतात आणि निवृत्तिवेतनाची वेळ आली की खजिना विचारतो, यांतला खरा कोण? तो हयात असला तर निदान पुढे होऊन सांगेल. नसला, तर सासरचे नाव एका कागदावर आणि माहेरचे दुसऱ्यावर अशी त्याची पत्नी प्रतिज्ञापत्रे करीत हिंडते.

मग करावे काय? प्रथम पुस्तकाची प्रत मागावी. साध्या अर्जाने न मिळाली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाचे कारण सांगावे लागत नाही आणि कार्यालयाने तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. तेव्हा साऱ्या नोकरीची कैफियत त्यात लिहू नये, ‘माझ्या सेवापुस्तकाच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत’ एवढेच मागावे. हा कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा एवढ्याच भाषा ओळखतो. येथे मराठीचा आग्रह धरून कारकुनाला अर्ज परत करण्याची सबब देणे शहाणपणाचे नाही, असे आम्ही मराठीचा कैवार घेणारेच सांगत आहोत.

चूक दुरुस्त करा अशी तक्रार मात्र निराळी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. बेळगावात मराठी वापरात नाही, असे म्हणण्याची छाती कोणत्या अधिकाऱ्याची आहे? उत्तरही मराठीतच द्यावे असे ते कलम सांगत नाही, हे खरे. पण मराठीतील निवेदन भाषेच्या सबबीवर परत करण्याचा अधिकार कोणालाही नाही. निवेदनाला शाळेचा दाखला जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

गोपनीय अहवाल पाहावयास मागणेही विसरू नये. सीमा रस्ते सेवेतील अभियंता देव दत्त यांच्या अहवालात कोणी वाईट लिहिले नव्हते. ‘चांगला’ एवढेच लिहिले होते. बढतीला ‘फार चांगला’ हवा होता! त्या एका शब्दाने त्यांची बढती गेली आणि तो शब्द त्यांना कोणी कळविलाही नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा नोकराला कळविलाच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

कर्नाटक सरकारपाशी आमची मागणी साधी आहे. १९७४ च्या कायद्यातील तीन वर्षे नोंद झाल्या दिवसापासून न मोजता, ती नोंद नोकराला दाखवून त्याची सही घेतल्या दिवसापासून मोजावी. सही नसेल तर मुदत सुरूच झाली नाही असे धरावे. यासाठी खजिन्यातून एक पैही जावयाची नाही. कपाट उघडावे लागेल इतकेच. आणि नोकरांच्या संघटनांना आमचे विचारणे आहे की, महागाई भत्त्याच्या प्रत्येक हप्त्यासाठी घोषणा देणाऱ्या आपल्या सभांत हा ठराव आजवर किती वेळा आला?

नव्याने नेमणूक झालेल्या तरुण शिक्षक-शिक्षिकांची तीन वर्षे आजही सरत आहेत. त्यांनी या आठवड्यातच अर्ज द्यावा.