तोडीच्या पैशावर किनारा जगणार नाही

वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्ष बाधित करण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये महानगरपालिकेला दिली आणि त्यानंतरचा सारा वाद किती झाडे जाणार व किती लावली जाणार, या हिशेबातच अडकून पडला. खाडी मालाड-चारकोपची, तिप्पट कांदळांची लागवड पालघर जिल्ह्यात आणि वनजमिनीच्या बदल्यातील वनीकरण समुद्रापासून शेकडो कोस दूर चंद्रपूर जिल्ह्यात, अशी ही भरपाई आहे. याच उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील घाला ठरवून केवळ अपरिहार्य सार्वजनिक हितासाठी अपवाद ठेवला होता. तो अपवादच आता राजमार्ग होऊ लागला आहे. ज्या खाडीत कोळी जाळे टाकतो तिचे नुकसान चंद्रपूरच्या सागाने किंवा बांबूने भरून निघते, असे मानणारी व्यवस्था किनाऱ्यावरील माणसाला हिशेबातच धरत नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

कांदळवन म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवर, कांदळ, चिपी अशा झाडांचे जंगल. त्यांची चिखलातून वर येणारी श्वसनमुळे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि कोळंबी, खेकडे व अनेक माशांच्या पिल्लांना आसरा देतात. हे सारे त्या खाडीचा उतार, तिच्यात येणारे गोडे पाणी आणि भरतीची उंची यांवर अवलंबून असल्याने एका खाडीचे कांदळवन दुसरीकडे नेऊन ठेवता येत नाही. भरतीचे पाणी नीट न खेळणाऱ्या जागी लावलेली रोपे काही महिन्यांत मरतात आणि कागदावर मात्र लागवड पूर्ण झालेली असते.

दोष केवळ एका रस्त्याचा नाही, तो निधीच्या मुळाशीच आहे. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेल्या ‘मिष्टी’ योजनेचे लक्ष्य पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर कांदळवन उभारण्याचे असले, तरी तिचा पैसा रोजगार हमी योजना आणि कॅम्पा निधी यांच्या एकत्रीकरणातून यावयाचा, असे त्या वेळीच सांगण्यात आले. कॅम्पा निधी म्हणजे वनजमीन अन्य कामांसाठी वळवताना प्रकल्पधारकाकडून वसूल होणारी रक्कम. अर्थात, जंगल तुटले की ती तिजोरी भरते आणि तिच्यातून जंगल लावायचे. तोडीच्या वसुलीवर पोसलेली पुनर्स्थापना ही तोडीला मिळालेली संमतीच ठरते, आणि किनारा राखण्यासाठी स्वतंत्र, हक्काची सार्वजनिक तरतूद करण्याच्या जबाबदारीतून शासनाची परस्पर सुटका होते.

चांगले काय असते, हे याच राज्याने दाखवले आहे. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालन, शिंपले-कालवे यांची जोपासना किंवा पर्यटन यांसाठी गावगटाला खर्चाच्या ९० टक्के आणि एकट्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. ते जंगल टिकण्यावर त्यांची मिळकत उभी असल्याने त्याच्या राखणीसाठी वेगळा पहारेकरी लागत नाही. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४.३४ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले, तेही गावांची उपजीविका आणि खाडीचे आरोग्य ही एकच बाब मानून. परंतु एका हाताने असे अनुदान घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने खाडीत खांब रोवावयाचे, हे धोरण नव्हे.

आपत्ती येते तेव्हा तर मदतीचे निकषच किनाऱ्याला अनोळखी निघतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या या वाड्यांना आधी हेक्टरी मदतीचे माप लावले गेले आणि आरडाओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, तीही सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५० रुपये. पोफळ फळाला येण्यास सहा-आठ वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्या घराने काय खावे, याचे उत्तर ५० रुपयांत नाही. रायगडमधील खारभूमीचे, म्हणजे बांध घालून समुद्रापासून सोडवलेल्या भातजमिनीचे, दुखणेही तेच आहे. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे कांदळ उगवते, मग त्या शेतकऱ्याला ना पीक मिळते ना जमीन मोकळी होते. एकेकाळी गावकी मिळून राखत असलेले बांध सरकारी निविदेच्या हाती गेले आणि डागडुजीसाठी खांड पडण्याची वाट पाहिली जाऊ लागली.

जुना जालना आणि नवा जालना यांच्यामधून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठावर बसून समुद्राची काळजी कशासाठी, असे कोणी म्हणू नये. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. त्या गोदावरीचे पाणी व गाळ काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनाला पोसतो आणि या शहराने नदीत टाकलेली घाणही त्याच वाटेने जाते. शिवाय सार्वजनिक अनुदान कसे वापरावे, याचा धडा याच जिल्ह्यात आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामे झाली, गावाने श्रमदानाचा वाटा उचलला, माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम केले, आणि २०१२ च्या भीषण दुष्काळात जिल्हा टँकरवर असताना तेथील द्राक्षबागा तगल्या. पैसा वर्षानुवर्षे, त्याच जागी, त्याच माणसांच्या हाती राहिला, म्हणून हे घडले.

किनाऱ्यासाठी नेमके हेच नाकारले जात आहे. राज्याने आगामी अर्थसंकल्पात कॅम्पाच्या वसुलीशी संबंध नसलेला स्वतंत्र किनारा निधी उभारावा, त्यातील खर्चावर खाडीकाठच्या ग्रामसभांचा आणि मच्छीमार सहकारी संस्थांचा निर्णायक अधिकार मान्य करावा, रोपे लावल्यावर नव्हे तर ती जगल्यावर हप्ता द्यावा, आणि ज्या खाडीचे नुकसान झाले तिची भरपाई त्याच खाडीत करणे बंधनकारक करावे. मालाड-चारकोपच्या कोळ्यांना चंद्रपूरचे जंगल दाखवून गप्प बसवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.