ब्रेकचा बोल्ट अंदाजाने आवळू नका

सोनारीहून परंडा, बार्शीकडे कापडाचा माल घेऊन आम्ही वर्षानुवर्षे जात आहोत. मागील पावसाळ्यात व्हॅनचे ब्रेक पॅड बदलून घेतले आणि आठ-दहा दिवसांतच पुढच्या चाकातून खडखड ऐकू येऊ लागली. गाडी उभी करून पाहिले तर कॅलिपरचा खालचा बोल्ट गळून पडलेला व वरचा हाताने फिरत होता. तसेच पुढे गेलो असतो तर कॅलिपर रिमवर आदळून चाक अडकले असते किंवा ब्रेकची नळी तुटली असती. गाडीत दुकानातील दोन मुले होती.

मिस्त्री म्हणाले, "चाचा, मी तर पूर्ण ताकदीने आवळला होता." ते खोटे बोलत नव्हते. परंतु बोल्ट टिकतो तो योग्य ताणावर. आवळल्यावर तो किंचित ताणला जातो व दोन भागांना दाबून धरतो. हा दाब कमी पडला की हादऱ्याने भाग एकमेकांवर सरकतात आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. जर्मन अभियंता युंकर यांनी 1969 साली हे प्रयोगाने दाखवून दिले. अशा आडव्या हादऱ्यापुढे स्प्रिंग वॉशरचाही फारसा उपयोग होत नाही.

आपणा व्यापाऱ्यांना हे समजणे कठीण नाही. टेम्पोवर गाठी बांधताना दोर कितीही ओढला तरी माल बसला की तो सैल पडतो. बोल्टखाली गंज, माती किंवा रंगाचा थर राहिला तर तेथेही हेच होते. म्हणून बसण्याची जागा व आटे लोखंडी ब्रशने साफ करून कोरडे पुसावेत. सरकणाऱ्या पिनला ब्रेकचे ग्रीस लावावे, पण ते बोल्टच्या आट्यांना लागू देऊ नये. कंपनीने नवा बोल्ट वापरण्यास सांगितले असेल तर जुना परत लावू नये. आट्यांना चिकट द्रव्य लावण्यास सांगितले असेल तर निळे मध्यम प्रतीचे लावावे. ते हवा बंद झाल्यावर घट्ट होते व साध्या पान्याने सुटते. लाल प्रकार सोडविण्यास बहुधा उष्णता द्यावी लागते. शेवटी त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर टॉर्क पान्याने आवळून बोल्टवर व शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असे समजावे.

कापड आपण अंदाजाने फाडले तर ग्राहक घेईल काय? आपण मीटर लावतो. मिस्त्रीचा मीटर म्हणजे टॉर्क पाना होय. तो प्रत्येक गॅरेजमध्ये असलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र सर्व दोष कारागिराच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्या दिवशी "लवकर करा, बाजार गाठायचा आहे" अशी घाई आम्हीच केली होती आणि मजुरीत घासाघीसही आम्हीच केली होती. चांगल्या कामाला वेळ लागतो व त्याचे दाम द्यावे लागते. मालक बंधूंनी ते आनंदाने द्यावे आणि कारागीर बंधूंनी चाक बसविण्यापूर्वी ती रेघ मालकाला दाखवावी. दोघांच्याही घरी वाट पाहणारी माणसे आहेत.