प्रत ठेवली, ताडून पाहिली का?

आपल्या व्यवसायात खात्री करून घेण्याचा संस्कार विद्यार्थिदशेपासूनच अंगी बाणवला जातो. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, रुग्णाच्या कागदावरही तोच असतो. तरीही क्रॉस-मॅचिंग केल्यावाचून आपण रक्त चढवत नाही. लेबल जुळणे आणि रक्त जुळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आपण जाणतो. मात्र हाच नियम रुग्णांच्या संगणकीय नोंदींना लावायला आपण विसरतो, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ते स्वानुभवातून बनले आहे.

इंदुरात गेली २५ वर्षे मी सोनोग्राफी करतो. चित्रे दवाखान्यातील संगणकावर साठतात आणि रोज रात्री त्यांची प्रत इंटरनेटवरील भाड्याच्या साठवणीत, म्हणजे ‘क्लाउड’मध्ये, जाते. सकाळी पडद्यावर ‘पूर्ण’ हा शब्द दिसला की मी निश्चिंत होत असे. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क बंद पडली. त्याच आठवड्यात थायरॉइडची गाठ असलेल्या एक काकू फेरतपासणीसाठी आल्या. त्यांचा जुना अहवाल घर बदलताना हरवला होता. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे माझ्याकडील चित्रावरूनच ठरणार होते. आणि ते क्लाउडमध्ये नव्हतेच! मधल्या काळात नवे यंत्र आले, त्याच्या चित्रांचा फोल्डर निराळा झाला आणि प्रत पाठवण्याच्या यादीत तो घालायचे माझ्याकडून राहून गेले. अखेर काकूंच्या गाठीत सुई घालून पेशी तपासाव्या लागल्या. निदान निर्धोक निघाले. पण मान माझी खाली गेली.

“मामा, ‘पूर्ण’ म्हणजे जेवढं सांगितलं तेवढं पूर्ण,” संगणक-अभियंता असलेल्या भाच्याने समजावले. आज्ञा टंकून चालवायच्या काळ्या खिडकीत ‘आरक्लोन’ हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरायला त्याने मला शिकवले. ‘आरक्लोन चेक’ या आज्ञेपुढे आधी दवाखान्यातील फोल्डरचा आणि मग क्लाउडमधील साठ्याचा पत्ता लिहावा. ही आज्ञा कोठेही काही बदलत नाही. केवळ ताडून पाहते. ‘कंबाइंड’ हा पर्याय जोडल्यास प्रत्येक फाइलीपुढे खूण मिळते: = म्हणजे दोन्हीकडे सारखी, + म्हणजे फक्त दवाखान्यात, - म्हणजे फक्त क्लाउडमध्ये, * म्हणजे दोन्हीकडे आहे पण निराळी, आणि ! म्हणजे वाचताना अडचण आली.

ताडायचे कशावरून, हा खरा प्रश्न आहे. ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’ साठवणीची ‘सिंक’ ही आज्ञा एरवी फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते. ते झाले लेबल! डिस्कवर एखादा बाइट बिघडला, तरी आकार तोच राहतो आणि तारीखही तीच. ‘चेक’ मात्र आकारासोबत फाइलीच्या आतील माहितीवरून काढलेला ‘हॅश’ पाहते. एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. येथेही एक मेख आहे. मोठी फाइल तुकड्यांनी चढवलेली असेल, तर एस-थ्री दाखवते तो ‘ई-टॅग’ संपूर्ण फाइलीचा एमडी-फाइव्ह हॅश नसतो. तो जुळला नाही म्हणून फाइल बिघडली असे मानू नये. शंका असल्यास ‘डाउनलोड’ हा पर्याय जोडावा, म्हणजे दोन्हीकडील माहिती प्रत्यक्ष वाचून ताडली जाते. त्याला वेळ लागतो, प्रसंगी पैसेही. पण क्रॉस-मॅचिंगलाही ते लागतातच.

काही सहकारी म्हणतील, हे संगणकवाल्याचे काम. आज्ञा त्याने खुशाल चालवावी. अहवाल मात्र आपण वाचावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

माझी नम्र सूचना एवढीच की, महिन्यातून एकदा ही ताडणी व्हावी आणि ती सर्व यंत्रांची चित्रे ज्याखाली येतात त्या मूळ फोल्डरपासून व्हावी. ज्या यादीने प्रत पाठवली त्याच यादीने ताडली, तर यादीतील चूक तशीच लपून राहते. अहवालावर सही करून तो नोंदवहीत लावावा. काकूंच्या यंदाच्या तपासणीचे चित्र आता दोन्हीकडे आहे; त्यापुढची = ही खूण मी स्वतः पाहिली आहे.