सिद्धगडावरचे दुसरे नाव

दरवर्षी २ जानेवारीच्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात माणसे जमतात. कडाक्याच्या थंडीत तेथे दोन हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. त्यांपैकी वीर भाई कोतवाल हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. दुसरे नाव मात्र रायगड-ठाणे परिसराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. ते नाव आहे मानिवलीच्या हिराजी गोमाजी पाटलांचे.

भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. परिस्थितीशी झुंजत ते वकील झाले आणि पुढे माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. शहरात वकिली थाटून सुखाने जगणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मात्र पायथ्याच्या खेड्यांची वाट धरली. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि कर्जात कायमचा अडके. भाईंनी धान्यकोठ्या उभारून ही कोंडी फोडली. खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळाही सुरू केल्या.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची ललकारी उठली आणि भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यात मोठे पुढारी नव्हते. शेतकरी होते, या शाळांचे शिक्षक होते. भिवपुरी आणि खोपोलीची जलविद्युत केंद्रे याच मुलखातली. तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालत, आणि इंग्रजांच्या युद्धयंत्रणेला त्यांचा मोठा आधार होता. दस्त्याने नेमके हेच मर्म ओळखले. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत विजेचे अकरा मनोरे भुईसपाट झाले. सरकार हादरले. भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झाले.

अखेर सिद्धगडाच्या जंगलातील मुक्कामाचा सुगावा पोलिसांना लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पथकाने तळावर गोळीबार केला. त्यात हिराजी आणि भाई, दोघांनाही वीरमरण आले. भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

येथे एक प्रश्न मनाला भिडतो. जवळ इनामाची रक्कम नाही, हाती सत्ता नाही, पाठीशी पोलिसांचा ससेमिरा. अशा माणसामागे खेड्यातील माणसे प्राणांची पर्वा न करता का गेली? याचे उत्तर धान्यकोठीत आहे. ज्याने घरातली चूल विझू दिली नाही, पोरांच्या हाती पाटी दिली, त्याच्या शब्दावर समाजाने विश्वास ठेवला. मनोरे पाडण्याचा काळ तीन महिन्यांचा; त्यासाठी लागणारा विश्वास मात्र त्याआधीच्या सेवाकार्यातून मिळवलेला होता. सेवेची ही पुंजी नसती, तर आझाद दस्ता उभाच राहिला नसता.

म्हणूनच हिराजींचे नाव भाईंच्या नावाइतकेच मोलाचे आहे. नेता हाक देतो. त्या हाकेला ओ देणारा उभा राहिला, तरच इतिहास घडतो. आपण मात्र हाक देणाऱ्याचे पुतळे उभारतो आणि ओ देणाऱ्याला एका ओळीत गुंडाळतो. स्वातंत्र्याचा इतिहास मोजक्या थोर पुरुषांचा होऊन बसला, याला आपली ही उदासीनताच कारणीभूत आहे.

बेचाळीसचा संग्राम पाहिलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. पण त्यांनी मुलानातवंडांना सांगितलेल्या आठवणी अजून घरोघरी शिल्लक असतील. त्या विचारून, लिहून, गावच्या शाळेत वाचून दाखवणे हे काम कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. तसेच मुलांना घेऊन एकदा तरी सिद्धगडावर जावे. तेथे मस्तक नमवताना दोन्ही नावे मोठ्याने उच्चारावीत. हिराजींचे ऋण फेडण्याचा आरंभ तरी त्यातून होईल.